न उसवलेली गोणी

सफाळ्याच्या फलाटावर आईने माझ्या हातात सुकेळ्यांचं पुडकं ठेवलं. आमच्याच वाडीतली राजेळी केळी, उन्हात वाळवून केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. लग्न होऊन मी जर्मनीला निघाले होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "तिकडं आपल्या शेनखताचं सांगू नको कोनाला. हसतील."

गावी माकुणसारात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, आज कबूल करते, हसणाऱ्यांत मीच पहिली होते.

त्याआधी दोन वर्षं मी बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. पांढरा कोट चढला आणि मी फार शहाणी झाले. पहिल्या पगारात लोक आईला साडी घेतात; मी बाबांना युरियाची गोणी आणली. अख्ख्या आळीत तेच एकटे शेण, पालापाचोळा आणि मासळीच्या खतावर वाडी करायचे, आणि मला त्याची लाज वाटायची. बाबांनी गोणीला हळदकुंकू लावलं, कोठीत उभी केली. पुढे तिचं काय झालं, मी कधी विचारलंच नाही.

नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या आमच्या गल्लीत 'बिओ' दुकान निघालं. बिओ म्हणजे सेंद्रिय. बाबांनी जे लपवायला सांगितलं होतं, ते हे लोक पाकिटावर ठळक अक्षरांत छापत होते! मी दुकानाच्या मालकीणबाईंना आमची सुकेळी खायला दिली. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, घेते, पण सर्टिफिकेट आणा. इथे कागदाशिवाय चवीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मग कागदपत्रांत वर्ष गेलं, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या जर्मन इन्स्पेक्टर बाई माकुणसारला आल्या. दुभाषी म्हणून मीही आले. बाईंनी वाडीत हाताने माती उकरली, गांडुळं बघून हसल्या. सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी कोठी उघडायला सांगितली.

कोपऱ्यात युरियाची गोणी उभी होती. बाईंचं लिहिणं थांबलं. बाबांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, आणि तीही माझ्या गोणीपायी.

"बाबा, ही अजून इथे?"

"तुझ्या पयल्या पगाराची हाय. टाकायची कशी?"

"मग वापरली का नाही?"

"वाडीला नको हुती गं. आनि तुला सांगायला जीव होत नवता."

मी ते बाईंना जर्मनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी वाकून गोणीचं तोंड पाहिलं. कारखान्याची शिवण एका टाक्यानेही उसवली नव्हती. हळदीचा पिवळा डाग तेवढा होता, आणि आतला युरिया दगड झाला होता. बाईंनी मातीचे नमुने घेतले, शेजारीपाजारी चौकशी केली, आणि एकच अट घातली: गोणी आजच्या आज इथून जायला हवी. ती मीच उचलून बाहेर काढली.

सर्टिफिकेट आलं. गोणी होती त्याच कोपऱ्यात बाबांनी ते टांगलंय. दुकानातल्या पाकिटावर 'शेणखतावर पिकवलेलं' असं छापलंय आणि खाली बाबांचं नाव आहे. मी दुकानात असले की येईल त्या गिऱ्हाइकाला ते बोट ठेवून दाखवते.

इथे जर्मनीत मला विचारतात, तुझं घर कुठलं? मी माकुणसार सांगते. माझी चूक तिथे कोणी मातीत मिसळू दिली नाही, आणि माझी म्हणून ती घराबाहेरही टाकली नाही.