पाहिजे वगैरे काही नसतं

“पाहिजे वगैरे काही नसतं, बाई. जे आहे ते वाढा.”

सर जेवायला बसले की त्यांचं पहिलं वाक्य हेच. मी विचारायचे, “सर, आज वांगं पाहिजे की मटकी?” ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि हे उत्तर द्यायचे. मग मी वांगं वाढलं की तोंड उतरायचं. मटकी वाढली की एक पोळी जास्त जायची. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, जो बोलतो एक आणि ताट सांगतं दुसरंच.

अंबरनाथला बुवापाड्यात माझी बहीण आणि मी खाणावळ चालवायचो. येणारी सगळी कारखान्यातली एकटी पोरं, आणि एक सर. ते उल्हासनगरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. मी जालन्याकडची, शाळा सातवीतच सुटलेली. शिकलेलं माणूस समोर बसलं की माझ्या हाताला घाम सुटायचा, मीठ पडलं की नाही ते पुन्हा पुन्हा चाखून बघायचे.

सरांचं म्हणणं असं, की माणसाच्या डोक्यात इच्छा नाही, विश्वास नाही, मत नाही. हे नुसते जुने शब्द. मेंदूत खरं काय चालतं ते कळलं की हे शब्द आपोआप गळून पडतील. पोरांना तेवढंच हवं असायचं.

“सर, पण हे तुमचं मतच झालं ना?” एक फिटर त्यांना हमखास डिवचायचा.

“अंगात काही येत नाही असं तू म्हणालास, तर भगत काय म्हणेल? हे तुझ्या अंगातलं भूतच बोलतंय म्हणेल. तुझा प्रश्न त्या भगताचा आहे.”

“मग सर, बायकोला काय सांगायचं? माझं तुझ्यावर प्रेम नाही, मेंदूत काहीतरी चाललंय?”

“तू आधी लग्न कर,” सर म्हणायचे आणि ताक मागायचे. मागायचे म्हणजे वाटी पुढे सरकवायचे.

एका दुपारी चुलीसमोर भाकरी थापता थापता मी पडले. मला झटके यायचे. माहेरी कधी नव्हते, लग्नानंतर सुरू झाले. सासू म्हणाली, हिला बाधा आहे. माझ्या हातचं पाणी बंद झालं. मग देवऋषी आणला. सासूने माझे हात धरले आणि त्याने दोन्ही दंडांवर तापल्या विळ्याचे चटके दिले. तरी बाधा निघेना, तेव्हा नवऱ्याने मला गाठोड्यासकट बहिणीच्या दारात आणून सोडलं आणि दुसरी केली.

त्या दुपारी बहीण लिंबू शोधत धावली. सर उष्ट्या हाताने उठले, मला कुशीवर वळवलं, लिंबू कापून मटकीवर पिळायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर सिंधी होते. म्हणाले, “बहनजी, भूत-वूत कुछ नहीं. दिमाग में बिजली का झटका है. गोली खाओ, चूल्हे से थोड़ा दूर बैठो.”

गोळ्या लागू पडल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरकडून येताना सर म्हणाले, “बघा बाई, भूत पळालं नाही. ते नव्हतंच.”

सरांचे हे उपकार मी कशाने फेडणार? पण एक सांगते. भूत होतं तोवर मी सासूला थोडी सूट देत होते, की बिचारी घाबरली असेल. भूत नव्हतंच म्हटल्यावर ते चटके कशासाठी होते? त्या दिवसापासून मी रोज कणकेत सासूला तिंबायला लागले.

सरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, “हा सूडही तसाच आहे, बाई. कळला की जाईल.”

“सर, भूत काढलंत, पाया पडते. याला हात लावू नका.”

पुढे बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या इमारती उठायला लागल्या. माझा नवरा तिथे बांधकामावर वॉचमन लागला, मागून सगळं घर आलं. गावच्या माणसांकडून त्यांना माझे झटके थांबल्याचं कळलं आणि एक दिवस सासू खाणावळीच्या दारात उभी राहिली. सोबत सवतीची आठ-नऊ वर्षांची पोर. नवरा बाहेर, रस्त्याकडे तोंड करून.

सासू खालीच बसली. “लेकराला सोड माय. तुझी बाधा तुला सुटली अन् हिला लागली. तूच घातलीस. काढून घे.”

पोरीच्या दंडावर नजर गेली. तसेच डाग. माझे जुने होते, तिचे अजून लाल.

सर कोपऱ्यात जेवत होते. त्यांनी घास हातातच धरला. मी खरं काय ते सांगेन, असं त्यांनी गृहीत धरलं असणार.

मी म्हणाले, “हो. मीच घातलीय.”

सासूने कपाळ जमिनीला टेकवलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिला मी बराच वेळ तसंच राहू दिलं.

“काढते,” मी म्हणाले, “पण उतारा माझ्या हातचा. दर अमावास्येला हिला आणायचं, महिन्याच्या पुड्या न्यायच्या. एक जरी चुकली तरी बाधा परत येईल. आणि तुम्ही इथं बसून माझ्या हातचं जेवायचं. पोटभर.”

घरच्यांनी उताऱ्याला यायचं नसतं असं सांगून मी पोरीला एकटीला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या हळद लावलेल्या कागदात बांधल्या. पोरीला मी सांगितलं, हा उतारा आहे.

त्या दिवशी सर चिडले. “बाई, तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत.”

“खोटं म्हणजे काय सर? त्यांचा चुकीचा विश्वास बसला, असंच ना? विश्वास तर नसतो म्हणता.”

सर ताटावरून उठले. मटकी तशीच राहिली.

पुढची काही वर्षं सासू येत राहिली. माझ्या पोळीचा तुकडा तोंडात घालण्याआधी ती देवाचं नाव पुटपुटायची. मी समोर उभी राहायचे. “आणखी काय पाहिजे, आत्याबाई?” ती मान हलवायची आणि मी आणखी एक पोळी वाढायचे. तेवढ्या वेळात सर कोपऱ्यात पोरीला गणित शिकवायचे. तिचे झटके थांबले होते.

सर एका हिवाळ्यात झोपेतच गेले. जेवायला आले नाहीत म्हणून डबा घेऊन माणूस पाठवला, तेव्हा कळलं. त्यानंतर बरेच दिवस मटकी केली की माझा हात त्या कोपऱ्याकडे वळायचा.

पोर मोठी झाली, दहावी झाली. सरांनी आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं आणि मी त्यांच्यासमोर खोटं चालवलं, हे मला खात होतं. सूड नाही हं, फक्त हे. म्हणून एकदा तिला बसवलं. “ऐक. तो उतारा नव्हता. फिटच्या गोळ्या आहेत.”

ती पुडी सोडत म्हणाली, “माहीत आहे, मोठी आई. सरांनी सांगितलंय. मी पाचवीत होते तेव्हाच.”

मी विचारलं, “मग घरी नाही बोललीस?”

“सरांनी सगळं समजावलं, मेंदूचं चित्र काढून दाखवलं. म्हणाले, आता आजीला खरं सांगायचं का? तुला काय पाहिजे?”

“सर म्हणाले? तुला काय पाहिजे असं?”

“हो. मी त्यांना दंड दाखवला. म्हटलं, तिला घाबरू दे अजून.”

“मग?”

“काही नाही. चष्मा वर केला, म्हणाले, बरं. मग आम्ही भागाकार केला.”

आत सासू ताटावर माझी वाट बघत बसली होती. पोरीने पोळ्यांचा डबा उचलला. म्हणाली, “तू बस. आज मी वाढते.”