झेंडा असेपर्यंत

नोकरीच्या पहिल्या वर्षी पंचायत समितीतून झेंड्याच्या नियमांचं एक सायक्लोस्टाईल पत्रक आलं. केशरी पट्टा वर असावा. झेंडा जमिनीला टेकता कामा नये. चढवताना झपाट्याने चढवावा, उतरवताना सावकाश उतरवावा. सूर्योदयानंतर चढवावा, सूर्यास्ताला उतरवावा. मी ते वाचून हेडगुरुजींना परत दिलं आणि म्हटलं, "यात नवीन काय आहे? मला हे पाचवीपासून पाठ आहे." असा माझा तोरा. मी चोवीस वर्षांची होते, डी.एड. होते आणि नाकावर राग होता. राग अजूनही आहे, पण आता त्याला दम लागतो.

पाठ असायला कारण होतं. आमची वस्ती नाशिकरोडची, बौद्धांची. घरावर निळा झेंडा, विहारावर पंचशीलाचा, शाळेत तिरंगा. झेंड्यांचे अर्थ मला जेवणाबरोबरच मिळाले. वडील कारकून होते. ते सांगायचे, केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे माती आणि पीक. "आणि मधलं चक्र आपल्या घरातून गेलंय. तेव्हा काढताना आरे मोजायचे. चोवीस." बावीस निघाले की पाटी पुसायला लावायचे. शेजारची पोरं चक्राच्या जागी नुसता निळा गोळा काढून खेळायला पळायची आणि मी आपली आरे मोजत बसायची.

तर अशी ही झेंडेपंडित बाई हरसूलच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर दोन शिक्षकी शाळेत जूनमध्ये रुजू झाली. शाळेला लागून राहायला एक खोली होती, तीही पावसात तीन ठिकाणी गळायची. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. तिला तिथं नेणं शक्यच नव्हतं, म्हणून ती नाशिकला सासूबाईंजवळ. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या घरी विड्या वळायच्या आणि मांडीजवळ माझी लेक सांभाळायच्या. मिस्टर त्यांना आई म्हणायचे, म्हणून लेकही त्यांनाच आई म्हणायला लागली. मला ती काहीच म्हणत नव्हती.

पाड्यापासून फाटा अर्ध्या तासाच्या चालीवर. तिथून शनिवारी साडेचारची एसटी पकडायची, मध्ये गाडी बदलायची, आठ वाजता घर. मला दारात बघून लेक आत्यांच्या पदराआड जायची. मी खाऊ दाखवायची, टाळ्या वाजवायची, नको नको ते आवाज काढायची. ओळख पटून ती आपणहून मांडीवर येईपर्यंत रविवारची दुपार व्हायची आणि तीनला माझी परतीची गाडी. म्हणजे आठवड्यातून दोन-तीन तास मी आई होते. शनिवारची गाडी चुकली तर तेवढीसुद्धा नाही. गाडी चुकू नये म्हणून मी शनिवारी जेवतसुद्धा नव्हते.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट नेमका शनिवारी आला. सकाळी प्रभातफेरी झाली, झेंडा वर गेला, लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. हेडगुरुजींना पुढच्या कार्यक्रमाला न्यायला जीप आली होती. जीपमध्ये बसता बसता त्यांनी शाळेची किल्ली माझ्या हातात ठेवली. "बाई, संध्याकाळी तेवढा झेंडा उतरवा. सूर्यास्ताला हं, नियम आहे." मी तोंड उघडेपर्यंत जीप वळणावर. सूर्यास्त सातचा, गाडी साडेचारची. नियम पाठ असून त्यातला हा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. आता काय बोलणार, हात दाखवून अवलक्षण!

दुपारभर मी खोलीच्या दारात बसून झेंड्याकडे बघत होते. झेंड्यावर माणूस चिडू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. आठ दिवस आभाळ फाटल्यासारखं होतं, त्या दिवशीही बारीक झड लागून होती. सूर्य आठ दिवसांत दिसला नव्हता. मग माझं डोकं चालायला लागलं. जो उगवलेलाच दिसला नाही, तो मावळला की नाही हे सांगणार कोण? आणि पाड्यावर पत्रक वाचलेलं कोण आहे? पावणेचारला मी दोरी सोडली. सावकाश उतरवण्याचा नियम तेवढा पाळला. ओला झेंडा बाकावर पसरला, खिडकी लावली, कुलूप घातलं, छत्री आणि पिशवी घेतली आणि निघाले.

शाळेजवळच्या मोठ्या घराच्या ओटीवर सकाळपासून पाड्यातल्या बाया बसल्या होत्या. कुणी केस विंचरत होती, कुणी नुसतीच भिंतीला टेकली होती. पाणी मात्र गडी भरत होते. डोक्यावर हंडे घेऊन त्यांची रांग झऱ्याकडून येताना मी सकाळीच पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, काय गुणाची माणसं! आता चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी मान खाली घालून ओटीसमोरून पुढे सरकत होते. तेवढ्यात समोरून हंडा घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याने शाळेच्या खांबाकडे पाहिलं, हंडा तिथेच वाटेत उतरवला आणि हसत ओरडला, "उतरला रं झेंडा!"

ओटीवरच्या बाया उठायला लागल्या. कुणी कासोटा घट्ट केला, कुणी खुंटीवरचं इरलं घेतलं. माझ्या पहिलीतल्या एका पोराची आई मांडीवरच्या तान्ह्याला दूध पाजत होती. तिने त्याला मध्येच सोडवून थोरल्या मुलीकडे दिलं. ते पोर असं किंचाळलं की मी थांबलेच.

"कुठं निघालात?" मी विचारलं. "आज सुटी आहे ना?"

"झेंडा होता तवर होती," ती म्हणाली. "उतरला का सरली. भाताची आवणी राहिली हाय, बाई. दिवस हाय तवर दोन वाफे लावून होतील."

मला काही उमगेना. मग घरमालकीण म्हातारीने सांगितलं. पुष्कळ वर्षांमागं इथं एक गुरुजी होते. त्यांनी भाषणात सांगितलं होतं, आज झेंडा वर आहे तोवर कुणी कुणाचा गडी नाही, कुणी कुणाची दासी नाही. ते गुरुजी बदलून गेले, पण बायांनी ते वाक्य धरून ठेवलं. दोन सण झेंड्याचे, जानेवारीत एक आणि पावसात एक. त्या दिवशी झेंडा खाली येईपर्यंत बाईने शेतात जायचं नाही, पाण्याला जायचं नाही, चूल पेटवायची नाही. सगळं गड्यांनी करायचं. "आमाला तीन रंगांचं नाय कळत," म्हातारी म्हणाली. "वर हाय तवर बसायचं, एवढं कळतं. औंदा लय लवकर उतरला. वरून हुकूम आला आसंल."

वरून हुकूम! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती पहिलीतल्या पोराची आई जून महिन्यापासून रोज उजाडता चिखलात उतरत होती. तान्ह्याला दिवसभर थोरली पोर सांभाळायची, म्हणून ती थोरली शाळेत येत नाही हे हजेरीपटावर मीच लाल शाईने लिहिलं होतं. अख्ख्या पावसाळ्यात तिला पोर मांडीवर घेऊन बसायला हा एवढा एक दिवस मिळत होता. माझ्या लेकीसाठी मी तिच्या लेकराच्या तोंडचं दूध काढलं होतं. मला माझाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"हुकूम नाही," मी म्हटलं. "माझी चूक झाली. बसा सगळ्या. मी पुन्हा चढवते."

उतरवलेला झेंडा त्याच दिवशी पुन्हा चढवावा की नाही, याबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हतं. मी कुलूप काढलं. दोरी भिजून फुगली होती, गाठ बसेना. पहिलीतल्या पोराची आईच पुढे आली, तिने दोरी ताणून धरली. चढवताना झपाट्याने चढवला, अगदी नियमाप्रमाणे. वाटेतल्या म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला, मग निमूट हंडा डोक्यावर घेतला. बाया पोट धरून हसल्या. खाली फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा मी ओटीवर त्यांच्यामध्ये बसले होते आणि कुणीतरी माझ्या केसांना तेल लावत होतं. गड्यांनी भाकरी केल्या. त्या जाड होत्या आणि एका बाजूने कच्च्या होत्या. मी तीन खाल्ल्या.

अंधारायला लागलं तशी म्हातारी म्हणाली, "कोंबड्या खुराड्यात गेल्या. आता उतरव." मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो उतरवला. कुणालाही घाई नव्हती.

रविवारी सकाळच्या गाडीने मी अकराला घरी पोचले आणि तीनला निघाले. लेक माझ्याकडे आलीच नाही. खोटं कशाला बोलू, परतीच्या गाडीत मी हमसून हमसून रडले. पण निघण्याआधी आत्यांना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, बोलणी बसणार, परक्यांच्या पोरांसाठी स्वतःचं पोर तोडतेस म्हणून. त्या विडीला दोरा बांधत ऐकत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, मग मला ने की तिथं. झेंडा असेपर्यंत मी बी बसून राहीन. जन्मात बसले नाही."

पुढच्या पंधरा ऑगस्टला त्या खरोखरच आल्या, लेकीला कडेवर घेऊन, आदल्या दिवशीच्या गाडीने. सकाळी मी झेंड्याजवळ मुलांना रंगांचे अर्थ सांगितले, आरे मोजून घेतले आणि ओटीवर जाऊन बसले. आत्यांनी तिथे पाय लांब केले होते. दुपारी लेक पोरांबरोबर खेळताना पडली आणि "आई" म्हणून रडत आली. आत्यांनी सवयीने हात पसरले. ती त्यांच्यापुढे थांबली, म्हणाली, "तू नाय, ती," आणि माझ्या मांडीवर चढली. आत्यांनी हात मागे घेतले आणि पदराने आपलेच डोळे पुसले.

ती तिथेच झोपली. हेडगुरुजी त्या वर्षी गावातच होते आणि नियमाचे पक्के होते. सात वाजता ते ओटीपाशी आले. "बाई, सूर्यास्त झाला. झेंडा उतरवायचा ना?"

"हो गुरुजी," मी म्हटलं, आणि उठले नाही.

त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं, भिंतीला टेकून बसलेल्या बायांकडे पाहिलं, आणि दोरीला हात न लावता शाळेच्या पायरीवर जाऊन बसले.