मेलेल्यांच्या वहीतला दगडू

समजा, तुम्हाला स्वतःच्याच जन्माचा दाखला काढायचा आहे. साल १८९१. परवापर्यंत दाखला दिला नाही, तर रेल्वेतली नोकरी दुसऱ्याला जाणार. तुम्ही दिवा गावाहून खाडीच्या बांधाने चालत कल्याणची कचेरी गाठता आणि कारकुनासमोर हात जोडता.

गुणाजीचा दगडू तसाच उभा होता. हरिहरपंत कारकुनांना वीस वर्षांपूर्वीची जन्माची नोंद सापडली. मग त्यांनी मृत्यूची वही चाळली आणि त्यांचं बोट थांबलं.

"अरे, तू तर बाराव्या दिवशीच गेलास! भुताला दाखला कसा देऊ?"

"आयेनं खोटं सांगितलं असंल, पंत. आधीची तिघं पाचवीच्या आतच गेली. म्हणून मला उकिरड्यावर टाकलं, सुईणीकडून सुपात परत घेतलं, आन् पाटलाला सांगितलं, पोर मेलं. सटवाईनं पुन्हा शोधत येऊ नये ना!"

"आणि सुईणीने उचललेलं पोर दुसऱ्याचंच असेल तर?" पंत हसले. "जा, पाटलाचा जबाब आण. दाखला देतो."

नोकरी वाचल्यात जमा होती. तरी बांधावरून परतताना पंतांचं ते हसून बोललेलं दगडूच्या मनातून जाईना. आई, शेवंती, गेल्याच वर्षी वारली. दर सर्वपित्रीला ती परसात मेलेल्या पोरांसाठी भाताचे घास मांडायची आणि कावळा शिवेपर्यंत हलायची नाही. पोरं गेलेली तीन, घास मात्र चार. दगडूला वाटे, एक जास्तीचा असेल.

तो चौथा घास सटवाईला फसवायला होता, की बाराव्या दिवशी खरंच गेलेल्या पोरासाठी?