तव्यावरची पोळी

नोकरीच्या साऱ्या काळात मी कधी डबा नेला नाही. दारव्ह्याला एका सरकारी कचेरीत होतो. मधल्या सुट्टीत सायकलने घरी येत असे. हातपाय धुऊन पाटावर बसलो की तव्यावरची पोळी ताटात पडे. ती संपत आली की मी ताट किंचित पुढे सरकवीत असे, आणि दुसरी येई. गार पोळी मला चालत नाही, हे मी स्वभावाचा एक भाग म्हणून सांगत असे. कचेरीतली बहुतेक माणसे दुपारी घरीच जेवत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

माझी पत्नी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मुलगा झाला तेव्हा तिने नोकरी सोडली. आजही मोबाइल वाजला की ती ‘बोला’ म्हणते ते त्याच जुन्या आवाजात, स्वच्छ आणि थोडे दुरून.

निवृत्तीच्या निरोपसमारंभात मी मोजके बोललो. मुलगा शिकला, मार्गी लागला, कारण त्याची आई घरी होती, असे सांगितले. टाळ्या झाल्या. ती पहिल्या रांगेत बसली होती. पुढे पाहुण्यांसमोर, लग्नकार्यांत, हे वाक्य मी पुष्कळदा उच्चारले. मी सहसा कोणाची स्तुती करीत नाही. एवढी एक केली.

यंदा सोयाबीन निघाल्यावर मुलगा आणि सून बाळाला घेऊन बोरी अरबला आली. निवृत्तीनंतर आम्ही दोघे तेथे राहत होतो. शेत तेथेच आहे. मुलगा वणीला कोळसा खाणीच्या कार्यालयात आहे. सून तेथल्याच एका खाजगी दवाखान्यात रक्ततपासणीचे काम करते. तिची बाळंतपणाची रजा संपली होती, त्यावर वाढवून घेतलेली बिनपगारी रजाही संपत आली होती. सोमवारी हजर व्हायचे, नाही तर राजीनामा द्यायचा. तिला हजर व्हायचे होते. मुलाला ते नको होते.

दुपारी आम्ही बापलेक जेवायला बसलो. पत्नी तव्यापुढे होती. सून बाळाला मऊ वरणभात भरवीत होती.

“माझी आई घरी होती,” मुलगा तिला म्हणाला. “माझं काही बिघडलं का? विचार बाबांना.”

“बाबांना काय विचारायचं,” सून म्हणाली. “त्यांचं तर भाषणच पाठ आहे.”

पत्नी हसली. मी हसलो नाही.

“मग आईला विचार.”

सुनेने खरोखरच विचारले. “आई, खरं सांगा. नोकरी सोडल्याचं चीज झालं का?”

पत्नीने पोळी उलटली. ती फुगू दिली.

“हा शाळेत जाऊ लागला, तोवरचं झालं,” मग ती म्हणाली. “याले ताप आला की माझ्याशिवाय कोणी चालत नव्हतं. तव्हा घरी होती, ते बरंच केलं. पुन्हा वेळ आली तं पुन्हा करीन.”

“ऐकलंस?” मुलगा म्हणाला.

“थांब ना जरा. पुढचं तं ऐक. शाळेत गेल्यावर तू दुपारभर घरी नसायचा. मंग मी कोणासाठी घरी होती? यांच्या पोळीसाठी. एक्स्चेंजमधी जागा निघाली होती. साहेबांनी घरी माणूस पाठवला, येता का म्हणून. मी यांना जेवताना इचारलं. हे म्हणे, मंग दुपारचं कसं करायचं?”

शेजारच्या घरातली हकिकत सांगावी तसे तिने सांगितले. मला तो प्रसंग आठवेना. आठवला असता तर निदान बचाव तरी करता आला असता. मी मान खाली घातली, तेव्हा दिसले की माझे ताट पुढे सरकलेले होते, आणि बोलता बोलता तिने त्यात पोळी वाढलीही होती.

मुलाने पाण्याचा घोट घेतला. मग त्याचा चेहरा उजळला.

“असं करू. आई, तूच चल वणीला. बाळाला तू सांभाळ, ही जाईल कामावर.”

हा तोडगा मलाही योग्य वाटला. एवढे ऐकल्यावरसुद्धा वाटला.

“मी नाही येत,” पत्नी म्हणाली.

“काहून?” मुलगा एकदम गावच्या बोलीवर आला.

“माझं एकदा करून झालं. नातू आहे, चार दिवस येईन, लाड करीन. रोजचं बांधून नाही घेत.”

सून बाळाचे तोंड पुसत राहिली. ते केव्हाच पुसून झाले होते. तिची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच वाक्याच्या आधाराने जात होती.

“मी येतो,” मी म्हणालो.

पत्नीने वळून पाहिले. “तुम्ही? दूध उतू जाते तरी तुमचा पेपर खाली होत नाही.”

“शिकेन.”

“अन् तुमच्या जेवणाचं?”

“सकाळची पोळी खाईन.”

“सकाळची कोण करन? ही बिचारी? पहाटे उठून?”

तेव्हाही माझ्या पोळीमागे एक बाई मी गृहीतच धरली होती.

“मी करतो काहीतरी,” मुलगा ताटाकडे पाहत म्हणाला. “पोळ्यांना बाई लावू.”

सुनेने बाळाला माझ्या मांडीवर आणून ठेवले आणि पत्नीच्या हातातले लाटणे घेतले. “तुम्ही बसा आता,” ती म्हणाली. पत्नी माझ्या शेजारी जेवायला बसली. तव्यावरची पोळी प्रथम तिच्या ताटात पडली. ती तिने कशी खाल्ली हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

सोमवारी सून कामावर हजर झाली. तेव्हापासून मी वणीला आहे. बाळाचे दूध तापवतो. दोनदा उतू गेले. दुपारी बाळ झोपले की पोळ्यांच्या बाईने सकाळी भरून ठेवलेला डबा उघडतो. पोळी गार असते, कडेला थोडी चिवट. भाजीबरोबर खाल्ली जाते. पोट भरते. इतके सोपे होते, हे एका दुपारी करून पाहिले असते तर तेव्हाच कळले असते. पत्नीला आता कोणते एक्स्चेंज परत बोलावणार?

जेवण झाल्यावर मी बोरीला फोन लावतो. “बोला,” ती म्हणते. बाळाची चौकशी करते. काल मी विचारले, “तू जेवलीस का?” हा प्रश्न माझ्या तोंडून तिला नवा असावा.

“केव्हाचीच,” ती म्हणाली.