आडवा दगड

यंदाच्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी, एक ज्येष्ठ नक्षलवादी नेता नागपूरच्या दवाखान्यात मूत्रपिंडाच्या आजाराने मरण पावला. शरण आल्यानंतर तो जामिनावर होता आणि मनीषनगरात भाड्याच्या घरात राहत होता. गावकऱ्यांना खबरी ठरवून मारल्याचे आरोप त्याच्यावर होते. एकही खटला निकाली निघाला नव्हता. बातमी मी लिहिली. अशा बातम्या इतक्या लिहून झाल्या आहेत की हात आपोआप चालतो.

त्याच्या घरी मी पावसाळ्यात गेलो होतो. सोबत नंदनवन भागातला एक ऑटोचालक होता. त्याचे गाव गडचिरोलीच्या जंगलात. तो लहान असताना त्याच्या बापाला नक्षलवाद्यांनी जनअदालतीपुढे उभे केले, पोलिसांचा खबरी ठरवले आणि मारले. निकाल या नेत्याने गावासमोर सांगितला, असे गाव म्हणते. त्या भागात माणूस गेला की घरचे त्याच्या नावाचा दगड उभा रोवतात. खबऱ्याचा दगड पूर्वजांच्या रांगेत नको, असे गावाने ठरवले. घरच्यांनी आणलेला दगड तेव्हापासून मोहाच्या झाडाखाली आडवा पडला आहे. म्हातारी आई आहे तोवर तो उभा व्हावा, एवढेच मुलाला हवे होते.

दारावरचा पोलीस शिपाई म्हणाला, "चहा नका घेऊ साहेब. त्याहिले साखर बंद, म्हणून पाहुण्यांलेही बंद."

नेता धरमपेठेतल्या एका कारकुनाचा मुलगा. कॉलेज सोडून जंगलात गेला, तो म्हातारा होऊन परतला. सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसला होता. ऑटोचालकाने त्याला 'दादा' म्हटले. जंगलात सगळे तसेच म्हणत.

"दादा, माहा बाप खबरी होता का?"

"नव्हता," तो म्हणाला. "नंतर चौकशी झाली. माहिती खोटी निघाली. बैठकीत मी आत्मटीका केली, चूक मान्य केली."

"कोणापुढं?"

"समितीपुढे."

"अन् गावाले काहून नाही सांगितलं?"

"संघटनेची चूक संघटनेतच दुरुस्त करायची, अशी पद्धत होती."

"मी कोणाले चुकीच्या चौकात उतरवलं, दादा, तर घरी जाऊन बायकोची माफी नाही मागत. त्याच माणसाची मागतो."

नेता जरासा हसला. "बरोबर आहे," म्हणाला.

"मंग गावात येऊन सांगा."

"केस चालू आहे. वकील तोंड उघडू देत नाहीत. निकाल लागला की येतो."

"माही आई थांबते का तोवर?"

"मी तरी कुठे थांबतोय," नेता म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "हे छापू नका."

मी छापले नाही.

बातमी आली त्या दिवशी त्याचा फोन आला. "मी तर पोरगा, माहं कोण मानते? त्याच्या तोंडून ऐकणारे आता तुम्हीच राहिले. चला."

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच्या गावी गेलो. गावातली जुनी माणसे झाडाखाली जमली. मी जे ऐकले होते ते सांगितले, ऑटोचालकाने ते त्यांच्या माडिया बोलीत सांगितले. त्याची आई थोडी दूर बसून होती. मग एक म्हातारा बोलला. ऑटोचालकाने ते मला सांगितले: "ते म्हणते, मारताना तो स्वतः बोलला होता. आता पेपरवाल्याले काहून पाठवलं?"

त्याने पाठवलेले नाही, तो गेला, असे मी म्हणालो. ते त्यांना ठाऊक होते. उन्हाळ्यात मोहफुलांची वेचणी झाली की दगडासाठी बैठक घेऊ, असे त्यांनी सांगितले.

वेचणी आटोपली आहे. आरोपीच्या मृत्यूमुळे त्याच्यावरचे खटले बंद झाले. काल मी ऑटोचालकाला फोन केला. बैठक झालेली नाही. आई आहे. दगड मोहाखालीच आहे.