दहा बोटांची सुट्टी

त्याला घरी, गल्लीत आणि वर्कशॉपमध्ये सगळे खटपट्या म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. जेवायला बसला तरी ताट समोर येईपर्यंत हा टेबलाच्या पायाचा सैल स्क्रू नखाने पिळून बघायचा. लग्नाच्या एकूण एक फोटोत त्याचा एक तरी हात हललेला आहे. बायको तो अल्बम कुणाला दाखवत नाही. आणि एवढ्या चुळबुळ्या माणसाच्या हातात वेल्डिंगचा रॉड दिला, की तो असा गप्प व्हायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा श्वास तरी घेतोय का?

बावीस वर्षं हे काम केलं. त्यातली चांगली वर्षं पाइपच्या कामात गेली. मग पाइपची कामं आटली आणि वर्कशॉप आठवड्यातून तीन दिवस चालायला लागलं. खटपट्या खिडक्यांच्या जाळ्या जोडत बसला. जाळ्या जोडायला त्याच्यासारखा माणूस लागत नाही हे त्यालाही कळत होतं आणि मालकालाही. म्हणून परदेशातल्या एका कंपनीला पाइपचे वेल्डर हवेत असं कळलं तेव्हा तो पहिल्याच दिवशी नाव घालून आला.

परीक्षा अवघड होती. पाइप तिरका बसवलेला. तो हलवायचा नाही, आपण त्याच्याभोवती हलायचं. कधी गुडघ्यावर, कधी मान उलटी करून. परीक्षकाने प्रत्येकाच्या जोडातून चार पट्ट्या कापल्या आणि दाबयंत्रात घालून नालासारख्या वाकवल्या. भेग दिसली की माणूस बाद. एकवीस जणांपैकी सात उरले, आणि जागा होत्या सहा. खटपट्याच्या पट्ट्यांवर परीक्षकाने बराच वेळ भिंग फिरवलं आणि मग सगळ्यात वर त्याचं नाव लिहिलं.

इथून पुढचं काम कागदवाल्या बाईंचं. दोन खोल्यांच्या ऑफिसातून त्यांनी आजवर कितीतरी कारागीर बाहेर धाडले होते. प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, करार, दोन्ही कान दिसतील असा फोटो, सगळं त्यांनी एका फाइलीत लावून दिलं आणि व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः सोबत आल्या. तिथे काचेवर चार बोटं ठेवायची होती. खटपट्याने ठेवली, तर लाल दिवा लागला. बोटं पुसून ठेवली, तरी लाल. ओल्या फडक्याने पुसली, दाबून ठेवली, हलकी ठेवली, काही केल्या दिवा बदलेना. शेवटी तिथल्या कारकुनाने त्याचा पंजा उलटा करून पाहिला.

"अहो, यावर काही उरलेलंच नाही," तो म्हणाला.

खरंच उरलं नव्हतं. खटपट्याला हातमोज्यात काम करणं कधी जमलं नाही. मोजा घातला की हात बहिरा होतो, असं तो म्हणायचा. जोड किती तापलाय हे यंत्राला विचारायचं सोडून तो बोटाला विचारायचा, आणि बोट बरोबर सांगायचं. बावीस वर्षं सांगता सांगता बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. ज्या हातांनी परीक्षा पास केली त्याच हातांनी त्याचं दार लावून घेतलं, आणि त्याला याचा असा काही राग आला की परतताना तो बाईंना मागे टाकून तरातरा चालत सुटला.

बाईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवली. त्यानंतर कंपनी थांबणार नव्हती. जागा सातव्याला जाणार होती. खटपट्याला समोर बसवून त्यांनी बजावलं, की लोखंड नाही, ग्राइंडर नाही, तारेचा ब्रश नाही, भांडी नाहीत, फडकंसुद्धा पिळायचं नाही. "कातडी परत येते," त्या म्हणाल्या, "पण तिला येऊ द्यावं लागतं."

बायकोने हात ताब्यात घेतले. सकाळ-संध्याकाळ तेल चोळायचं आणि वरून पांढरे सुती मोजे चढवायचे. दिवसातून एकदा मोजे काढून ती बोटं खिडकीपाशी धरून तपासायची. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवसापासून खटपट्या घरात फेऱ्या मारायला लागला. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. बाहेरच्या फाटकाची बिजागरी तुटली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर फाटक कण्हत होतं. दोन मिनिटांचं काम. मोजून दोन मिनिटांचं. तो ते कण्हणं ऐकायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा आणि स्वतःलाच शिव्या घालत परत यायचा. एकदा बायकोने त्याला फाटकापाशी कोपराने बिजागरी दाबून बघताना पकडलं. त्या दिवशी तिने मोज्यांच्या मनगटाला नाड्या बांधल्या.

"लहान मूल परवडलं," ती म्हणाली.

आतल्या खोलीत आई असायची. तिची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती आणि माणसं ती हातांवरून ओळखायची. सून म्हणजे ओलसर बोटं आणि बांगडी. खटपट्या म्हणजे खरखरीत कानस. रोज सकाळी तो तिच्या हातावर पंजा ठेवायचा आणि ती म्हणायची, "आली माझी कानस." आता मोज्यातला हात लागला की ती हसायची, साहेब झालास म्हणायची. जाण्याबद्दल तिची कधीच कुरकुर नव्हती. जा, खुशाल जा, माझी काळजी करू नकोस, हे तिने इतक्या वेळा आणि इतक्या सहज म्हटलं होतं, की त्याला उलट थोडं लागलंच होतं. थोरला भाऊ असाच गेला होता. कचेरीतला माणूस, मऊ हातांचा. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला आता बारा वर्षं झाली. फोन करायचा, पण हवापाण्यापलीकडे बोलणं जायचं नाही. मी काही तसा नाही, असं खटपट्या बायकोला सांगायचा, तिने विचारलेलं नसताना.

ठरलेल्या दिवशी तो बाईंबरोबर पुन्हा त्याच काचेपुढे उभा राहिला. डावी चार बोटं ठेवली आणि हिरवा दिवा लागला. उजवी ठेवली, हिरवा. दोन्ही अंगठे, हिरवा. कारकुनाने त्याला ओळखलं आणि हसून मान हलवली. बाहेर येताच बाईंनी सांगितलं, की आता व्हिसा चार-आठ दिवसांचा प्रश्न. फक्त तिकडे उतरल्यावर हेच ठसे पुन्हा बघतील, तोवर हात असेच ठेवा.

मोजे बाईंच्या ऑफिसातच राहिले. खटपट्या मोकळ्या हातांनी घरी निघाला. फाटकाने नेहमीसारखं स्वागत केलं आणि त्याने फाटकाला सांगितलं, थांब, तुझा नंबर लागेल. मग त्याच्या लक्षात आलं, की लागणार नाही. आता सगळं परत आल्यावर. बायको कामावरून यायची होती. ही बातमी कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला घरात उभं राहवेना. तो आतल्या खोलीत गेला.

दुपारची वेळ होती, आईचा डोळा लागला होता. तिला उठवायचं नव्हतं, म्हणून तो न बोलता पलंगाच्या कडेला टेकला आणि सवयीने तिच्या हातावर हात ठेवला. झोपेतच तिची बोटं त्याच्या पंजावर फिरली. तळव्यावर आली, बोटांच्या टोकांवर आली, तिथे थांबली, पुन्हा फिरली. मग तिने तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आलास?" ती म्हणाली. "किती वर्षांनी रे."

त्याला आधी कळेना. मग त्याने आपल्या मऊ पडलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि कळलं.

"बरं झालं आलास," आई हळूच म्हणाली, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा बेताने. "धाकटा निघालाय. मी त्याला जा जा म्हणते. दुसरं काय म्हणू, त्याचं मन लागत नाही इथे. पण तुझं तो ऐकेल. त्याला सांग, नको जाऊ म्हणावं. माझं नाव नको घेऊ. तूच सांग."

बाहेर कुणीतरी फाटक ढकलून आत आलं, बायको असावी. खटपट्याचा हात आईच्या हातात होता. त्या पंजात हलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी आहे, आई, एवढंच म्हणायचं होतं. पण मग तिला कळलं असतं की तिने कुणापुढे काय बोलून टाकलं, आणि उद्यापासून ती पुन्हा हसून जा म्हणाली असती.

थोरल्याचा आवाज कसा होता हे तो आठवायला लागला. बारा वर्षं फोनवर ऐकलेला आवाज, तरी नेमका सापडेना. आई वाट बघत होती.

"सांगतो," तो म्हणाला, होईल तेवढ्या परक्या आवाजात.