पाठीवरून फिरणारा हात

विणकरांच्या खासबागेत दुपारी वीज गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात, आणि कानांना सवयीचा झालेला तो खडखडाट ओसरल्यावर मग बाकीचं जग ऐकू येऊ लागतं: शेजारच्या परड्यात घासली जाणारी भांडी, कुणाच्या तरी मोबाईलवरच्या कन्नड बातम्या, कौलांवर उतरलेला एखादा कावळा. यंत्राच्या तेलाचा आणि नव्या सुताचा वास त्या शांततेत अधिक दाट होतो, आणि मार्गशीर्षातलं कोवळं, तिरपं ऊन कौलांमधल्या काचेतून खाली उतरून अर्धवट विणलेल्या साडीच्या जांभळ्या काठावर पसरतं. गेल्या वर्षी अशा प्रत्येक दुपारी माझी थोरली बहीण मागावरून उठायची, मागच्या सोप्यात जाऊन भिंतीला टेकून बसायची आणि घरी पाळलेल्या सशिणीला मांडीवर घ्यायची. वीज येईपर्यंत तिचा हात त्या पांढऱ्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत संथपणे फिरत राहायचा.

आक्का लग्न होऊन विणकरांच्या घरात आली आणि दोन वर्षांत दाजींच्या बरोबरीनं माग चालवू लागली. मी त्याच शहरात टिळकवाडीत राहते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या सासरी मला ‘उंदरांची बाई’ म्हणतात आणि मी गेले की चहाबरोबर हमखास कुणीतरी उंदरांची खुशाली विचारतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आक्काला दिवस गेले होते. नऊ महिने सगळं सुरळीत पार पडलं आणि अगदी शेवटच्या दिवसांत पोटातली हालचाल थांबली. वैशाखातली गोष्ट ती. मुलगी होती. ऑपरेशनची गुंगी उतरायच्या आत वडीलधाऱ्यांनी आपसांत ठरवलं की तिला बाळ दाखवायचं नाही, बघितलं की जीव अडकून राहतो. आणि ती घरी परतायच्या आधी सासूबाईंनी पाळण्याच्या दोऱ्या सोडल्या, दुपटी, झबली, टोपरी सगळं कुणाला तरी देऊन टाकलं. ह्यात कुणाचाही दुष्टावा नव्हता. उलट सगळ्यांनी तिच्यावरच्या मायेपोटीच ते केलं होतं.

आक्का घरी आली, रिकाम्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काहीही न विचारता चुलीशी गेली. त्यानंतर तिनं त्या मुलीचा उल्लेख केला नाही. ती रडली नाही, चिडली नाही, देवाला बोल लावला नाही. आम्ही सगळे तिच्याभोवती जपून वावरत होतो, आणि माझ्या मनात एक भीती घर करून होती की हे असंच आत राहिलं तर माझी बहीण आतून वाळत जाईल आणि आम्हाला ते कळणारही नाही. तिनं एकदा तरी बोलावं म्हणून मी दर रविवारी जात होते, आणि दर रविवारी पावसावर, भाजीच्या दरावर, माझ्या बदलीवर बोलून परत येत होते.

पांढरी आणली दाजींनी. पिरनवाडीत त्यांच्या ओळखीचा एकजण ससे पाळतो. त्याच्याकडून श्रावणात एक सशीण घेऊन आले आणि ‘तुला सोबत’ एवढंच म्हणून पाटी खाली ठेवली. आक्कानं लाडानं तिचं नावही ठेवलं नाही. पांढरी होती म्हणून पांढरी. पण हात मात्र तिचा त्या पाठीवरून निघेना. मला बरं वाटायचं. निदान कुठेतरी तिची माया वाहते आहे, असं मी स्वतःला समजावत असे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी कॉलेजात तिचा फोन आला. आवाजात कित्येक महिन्यांनी ऐकलेली धांदल होती. “शैले, पांढरीला दिवस गेल्यात बघ. घरटं करालीय. सुटली की सरळ हिकडंच ये.”

मी गेले तेव्हा सगळं घर सोप्यात जमलं होतं. कोपऱ्यातल्या खोक्यात पांढरीनं मागाखाली पडलेले सुताचे गुंते तोंडानं आणून रचले होते, हिरवे, जांभळे, जरीचे. आणि आता ती मान वळवून स्वतःच्या पोटाचे केस उपटत होती, तोंडात पांढरा पुंजका धरून खोक्यात नेत होती, अंथरत होती, पुन्हा उपटत होती. पोटाची गुलाबी कातडी जागोजागी उघडी पडली होती. दाजी गोंधळून म्हणाले, “नर तर आसपास कुटं न्हाय. मग ह्ये कसं काय झालं?” आक्काचं तिकडे लक्षच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून खोक्यात डोकावत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं.

मी पांढरीला उचलून तिचं पोट हलक्या बोटांनी चाचपलं. आत काही नव्हतं.

वर्गात मी हे कितीदा शिकवलं आहे. उंदरिणीचं बीज नराची वाट पाहत नाही. डोळ्यांवाटे आत गेलेला उजेड मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्या केंद्राला दिवस आणि रात्र समजावतो, आणि ठरलेल्या दुपारी तिथून निरोप निघतो, आधी पीयूष ग्रंथीला आणि मग तिच्याकडून रक्तावाटे बीजकोशाला. दिवे अखंड जळत ठेवले तर ही घडी विस्कटते आणि बीज सुटायचंच थांबतं. निरोप निघण्याच्या त्या दुपारी तिला औषधानं निजवलं तर बीज दुसऱ्या दिवसापर्यंत खोळंबून राहतं. सशिणीची तऱ्हा वेगळी. तिचं बीज पिकून स्पर्शाची वाट पाहत असतं. स्पर्श झाला की कातडीखालच्या मज्जातंतूंमधून ती खबर पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत पोचते, आणि काही तासांत बीज सुटतं. मात्र स्पर्श कुणाचा, हे मेंदूला दिसत नाही. दुसरी सशीण अंगावर चढली तरी, आणि कधी कधी माणसाचा हात मायेनं पाठीवरून फिरत राहिला तरीही, तोच निरोप जातो. मग उदरात कुणी नसताना सगळं शरीर आईपणाच्या तयारीला लागतं आणि दोन-अडीच आठवड्यांनी केस उपटून घरटं करतं. पुस्तकात ह्याला छद्मगर्भावस्था म्हणतात. परीक्षेत आम्ही त्यावर टीप लिहायला देतो.

सोप्यात उभी असताना मला टिपेतलं एक अक्षर आठवलं नाही. मला आठवलं ते वैशाखातलं इस्पितळ आणि मुलगी गेल्यानंतर दोन दिवसांनी आक्काला फुटलेला पान्हा. तिचं पोलकं भिजलं होतं. नर्सबाईंनी छातीला घट्ट फडकं बांधलं आणि कन्नडमध्ये काहीतरी समजुतीचं बोलल्या, आणि आक्का छताकडे पाहत निमूट पडून राहिली. सगळ्या इस्पितळाला ठाऊक असलेली गोष्ट तिच्या शरीराला कुणी कळवलीच नव्हती. त्या वेळी मी बाहेर जिन्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले होते.

खरं काय ते दाजींनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. सासूबाईंनीही ओळखलं असावं, कारण त्या लगबगीनं म्हणाल्या, “तसलं कायबी न्हाय वाटतं. काडून टाका ते खोकं, उगंच नजरंसमोर नको.” आणि त्या वाकल्यासुद्धा.

“हात लावायचा न्हाय कुणी,” आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण सासूबाई जागच्या जागी थांबल्या. त्या घरात आक्कानं त्यांना अडवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मग दाजी आईला घेऊन पुढल्या खोलीत गेले आणि आम्ही दोघीच उरलो.

“काय न्हाय व्हय पोटात?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. कसं झालं हेही तिनं विचारलं, आणि मी सांगितलं. खोटं सांगायचं मनात आलं होतं. पण तिच्याभोवती सगळ्यांनी इतकं काही झाकून ठेवलं होतं की त्यात आणखी एक भर घालायचा मला वीट आला. कातडी, कणा, मेंदू, बीज, सगळं तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं. ती ऐकत होती आणि तिच्या पुढ्यात पांढरी आणखी एक पुंजका घेऊन खोक्यात उतरत होती.

“म्हंजे माझ्या हातानं.”

“तू माया केलीस गं. तुझा काय दोष?”

“दोष न्हाय म्हनत मी.” बाहेर पडलेला एक पुंजका तिनं पांढरीपुढे सरकवला. “तिला कळंल कवा?”

“कळत नाही तसं. एक-दोन दिवसांत अंगातून हळूहळू उतरतं. मग ती आपणहूनच उठून जाईल.”

“मग जाऊ दे आपणहून. तवर राहू दे तिचं तिच्यापाशी. काडून न्ह्यायचं न्हाय.”

हे ती कुणाबद्दल म्हणते आहे ते मला कळलं. आक्कानं खोक्यात हात घातला. पांढरी बिचकली नाही. तो ऊबदार, मऊ खळगा तिनं बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

“शैले, तू बगितलीस न्हवं तिला? केस होते काय गं?”

मी बघितलं होतं. नर्सबाईंनी टॉवेलात गुंडाळून आणलं तेव्हा दारात मीच उभी होते.

“होते आक्का. लई होते. काळेभोर. कानावर आलते.”

किती तरी वर्षांनी माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली. आक्काचा चेहरा हळूहळू मोडत गेला आणि ती माझ्या खांद्यावर कोसळली, अशी रडली की पुढल्या खोलीतून दाजी धावत आले आणि दारातच थबकले. मी त्यांना हातानंच थांबवलं. रडता रडता ती विचारत राहिली, नाक कसं होतं, रंग कुणाचा घेतला होता, मूठ मिटलेली होती की उघडी, आणि मी आठवेल तेवढं सांगत गेले. दाजी उंबऱ्यावर खाली बसले. मूठ उघडी होती, हे त्यांनी सांगितलं.

“नाव ठरविलतं मी,” शेवटी आक्का म्हणाली.

आम्ही कुणी विचारलं नाही. ती आपणहून सांगेल म्हणून दाजी उंबऱ्यावरून उठून आमच्याजवळ येऊन बसले.